नव्या कोंबड्या, जुने खुराडे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी पास. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "घरगुती उद्योगावर चार शब्द बोला," तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मग वाटले, पापड-लोणच्यांचे सांगणाऱ्या पुष्कळ आहेत, कोंबड्यांचे सांगणारी मी एकटीच. शिवाय त्या कोंबड्यांपायी मंडळाचे एक देणे माझ्याकडे राहिले आहे. पैसे मी फेडले, पण खरे सांगावयाचे राहून गेले. ते आज सांगते.

आपणांपैकी काहीजणींना आठवत असेल, २०२२ च्या जूनमध्ये मी मंडळाच्या बचतीतून दोन हजार रुपये उचलले आणि सहा तलंगा विकत आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. माझ्या परसात आधीच्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. गणपतीपर्यंत नव्या अंड्यावर येतील, धाकटीच्या कॉलेजच्या फीला हातभार लागेल, असा माझा हिशेब.

बाजारातून संध्याकाळी आणल्या, पायांच्या दोऱ्या सोडल्या आणि तशाच खुराड्यात ढकलून दार लावले. रात्रभर कलकलाट चालला होता. मी ह्यांना म्हटले, "नव्या आहेत, होतील गप्प." उजाडता दार उघडले तर एक तलंग कोपऱ्यात मरून पडलेली, डोके चोचींनी फोडलेले. दुसरीच्या तुऱ्यातून रक्त येत होते, आणि माझी कवडी, जिला मी हातावर दाणे देऊन वाढवली, तीच तिच्या मागे लागली होती.

तेवढ्यावर भागले नाही. सहाव्या दिवशी नव्यांतली एक चोच वासून श्वास घेऊ लागली. हिरवट विष्ठा, पंख गळलेले, मान पिळवटलेली. ती मानमोडी होती. पंधरवड्यात पंधरा जीवांतले तीन उरले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, या रोगावर औषध नाही, लस आहे, आणि ती आधी टोचावी लागते." मी ना जुन्यांना टोचली होती, ना नव्या घेताना विकणाऱ्याला विचारले होते.

आणि मंडळात येऊन मी काय सांगितले? रात्री मुंगूस शिरले, असे सांगितले. आपण सर्वांनी हळहळ केली. हप्ते दोन महिने पुढे ढकलून दिले. मी मान खाली घालून ती सवलत घेतली.

पुढच्या वर्षी आमच्या आळीतल्या एका वहिनींनी मला विचारले, "नव्या कोंबड्या जुन्यांत लगेच सोडल्या तर चालते ना गं?" नाही म्हणावे तर माझे मुंगूस उघडे पडणार. मी म्हटले, "चालते की!" वहिनींच्या अकरांतल्या नऊ गेल्या. त्यांच्या नातवाला रोज एक अंडे मिळत असे, ते बंद झाले. मधल्या भिंतीवरून मी ते सारे पाहत होते. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन गेले आणि त्यांना सगळे सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला सांगितलेस ते ठीक. आता मंडळात सांग, म्हणजे तिसरीच्या मरणार नाहीत." त्यांच्याच परवानगीने हे बोलते आहे.

आता कामाचे सांगते. २०२४ मध्ये मी पुन्हा पाच तलंगा आणल्या. पाचही जगल्या. काय केले ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, आणतानाच विचारावे की मानमोडीची आणि देवीची लस टोचली आहे का. आपल्या घरच्यांनाही दवाखान्यात विचारून वेळेवर लस द्यावी. डोळे पाणावलेली, शिंकणारी, पिसे फुगवून बसलेली कोंबडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का तेही पाहावे.

दुसरी, नव्यांना महिनाभर अगदी वेगळे ठेवावे. मी घराच्या दुसऱ्या अंगाला न्हाणीमागे ठेवल्या. वरकरणी धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग घेऊन आलेली असते, तो उमटायला दिवस लागतात. दाणापाणी आधी जुन्यांना द्यावे, मग नव्यांना, आणि हातपाय साबणाने धुवावे. भांडी, खराटा, चपला दोन्हीकडच्या निराळ्या ठेवाव्यात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर पुरून गप्प बसू नये, लगेच दवाखान्यात कळवावे. हे मी कोणत्या तोंडाने सांगते, ते आपणांस ठाऊक आहेच.

तिसरी, ओळख आधी डोळ्यांची व्हावी. महिना झाल्यावर मी परसात जाळीचा आडोसा केला. आत नव्या, बाहेर जुन्या. एकमेकींना दिसतात, आवाज ऐकू येतो, पण चोच पोचत नाही. पहिले दोन दिवस कवडी जाळीशी मान फुगवून उभी राही. आठवड्यानंतर ती जाळीकडे पाठ करून निवांत धुळीत लोळू लागली. तेव्हा मी जाणले की आता हरकत नाही.

चौथी, एकटी कोंबडी कधी आणू नये. एकटीवर सगळ्या तुटून पडतात. निदान दोघी-तिघी असाव्यात, म्हणजे मार वाटला जातो आणि बिचाऱ्यांना एकमेकींची सोबत होते. लहान पिले तर मोठ्यांत मुळीच सोडू नयेत. अंगाने जवळजवळ बरोबरीच्या झाल्यावरच सोडाव्यात.

पाचवी, पहिल्यांदा एकत्र सोडावयाच्या त्या खुराड्यात नव्हे, मोकळ्या परसात, दिवेलागणीच्या आधी तासभर. मी मेथीच्या काड्या आणि ज्वारीच्या कण्या चहूकडे पसरून टाकल्या. पोटाच्या नादात भांडण कमी होते. पाण्याची आणि दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, नाहीतर जुन्या एकाच भांड्यावर पहारा करतात आणि नव्या उपाशी राहतात. एक फळी भिंतीला टेकवून ठेवावी, एखादे डालगे कलते ठेवावे. मार खाणारीला पळून दडायला जागा हवी, पण ती दोन्हीकडून उघडी असावी, कोंडीत सापडता कामा नये. असे चार-पाच दिवस गेल्यावर मी रात्री अंधारात नव्यांना जुन्यांशेजारी दांडीवर बसवले. प्रत्येकीला वीतभर तरी जागा हवी. आणि सकाळी उजाडण्याआधी मी स्वतः खुराड्यापाशी हजर होते. ही सकाळ झोपेत घालवू नये. माझी एकदा गेली आहे.

आता थोड्या टोचाटोचीने घाबरू नये. कोंबड्यांत मानाची उतरंड असते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला. नॉर्वे देशातल्या शेल्डेरुप-एब्बे नावाच्या एका गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्या पाहून १९२१-२२ च्या सुमारास हे लिहून ठेवले, असे धाकटीने मला वाचून दाखवले. नवी आली की ती उतरंड पुन्हा लागते. आठ-पंधरा दिवस धुसफूस चालते, अंडीही थोडी कमी होतात. आपण मध्ये पडून दर वेळी सोडवले तर त्यांचे ठरतच नाही, भांडण लांबते.

पण रक्त दिसले की थांबू नये. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच चोच मारतात. जखमी कोंबडी लगेच वेगळी काढावी, जखम स्वच्छ करावी आणि खपली धरून सुकल्यावाचून परत सोडू नये. एखादी फारच मस्तवाल असेल तर नवीला न काढता तिलाच चार दिवस वेगळे ठेवावे. मी कवडीला ठेवले. परत आली तेव्हा तिचा तोरा उतरला होता, कारण आता तीच नवी झाली होती.

माझ्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मलाही चार दिवस माहेरी धाडायला हवे होते, तू आलीस तेव्हा." आम्ही दोघी पुष्कळ हसलो. मी एकवीस वर्षांची या घरात आले, पहिल्या वर्षी चुलीपाशी माझी जागा कुठली हे मला कळत नव्हते. पण माणसांना तोंड आहे. दुखले तर सांगता येते, चुकले तर कबूल करता येते. कोंबड्यांना ते नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपण आधी विचार करायचा.

आज माझ्या परसात बारा कोंबड्या आहेत. या उन्हाळ्यात खुडूक बसलेल्या एकीखालून आठ पिले निघाली. त्यांतल्या चार तलंगा मी वहिनींकडे पोचवल्या, लस टोचून. वहिनींनी त्या आधी महिनाभर वेगळ्या ठेवल्या. माझ्याकडच्या असूनही ठेवल्या, आणि तेच बरोबर केले.

ज्या भगिनींना कोंबड्या आणावयाच्या असतील त्यांनी बाजारात जाण्याआधी एकदा माझ्याकडे यावे. माझी जाळी रिकामी आहे, ती घेऊन जावी. आणि एक विनंती. यापुढे मंडळात कुणाचे नुकसान झाले तर ते जसे झाले तसेच सांगण्याची आपणां सर्वांना मोकळीक असावी. मला कुणी रागावले नसते, हे आज कळते. भीती माझ्याच मनात होती.