थकव्याचा हिशेब : स्वागताध्यक्षीय भाषण



पिंपरी-चिंचवड आणि चाकणकरांच्या वतीने या परिषदेला आलेल्या डॉक्टर मंडळींचे, युनियनच्या प्रतिनिधींचे आणि कारखानदार मित्रांचे मनःपूर्वक स्वागत. आरोग्याशी या मातीचे नाते जुने आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे एमआयडीसी आली, मोटारींचे कारखाने आले, चाकणपर्यंत शेडच्या रांगा लागल्या. त्यांच्याबरोबर तीन पाळ्याही आल्या.

मी भोसरीतला लघुउद्योजक. पहाटे चारच्या सुमारास माझ्या शेडमध्ये काय घडते ते सांगतो. प्रेसवर मुरलेला ऑपरेटर गेज लावतो, पीस बाद आहे हे त्याला दिसते, तरी हात लाल पेटीऐवजी ओकेच्या ट्रेकडे जातो. सुपरवायझर ओरडतो, "लक्ष कुठंय?"

हे का घडते, ते डॉक्टरांनी मला असे समजावले. जागेपणी मेंदू ऊर्जा खर्च करतो तसतसे त्यात ॲडेनोसिन साचते आणि झोप अनावर होते. चहातले कॅफिन त्याचा परिणाम थोडा वेळ अडवते. साचलेले उतरते ते झोपेतच. त्यात टार्गेटचा ताण असला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. प्रसंगाला ते उपकारकच. पण महिनोन्महिने चढेच राहिले, तर स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आणि निर्णय घेणाऱ्या, कपाळामागच्या भागाला त्याची झळ बसते. दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या याच पुढच्या भागात ग्लुटामेट साचल्याचे पॅरिसच्या संशोधकांना 2022 मध्ये आढळले. तेव्हा थकलेल्या माणसाला कामचुकार म्हणण्याआधी आपण मालकांनी पाळ्यांचा तक्ता तपासावा.

1948च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, तेव्हा हे पुरावे हाताशी नव्हते. आज आहेत, आणि तरीही डबल ड्युटी करून आलेला माणूस आपण मशीनवर उभा करतो.

राहण्याजेवण्यात काही उणे पडले तर सांभाळून घ्या. ठराव मात्र मोजकेच आणि शेडमध्ये लावता येतील असे करा: दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती, रात्रपाळीत हक्काची मधली सुट्टी आणि अपघाताच्या नोंदीत आदल्या झोपेचे तास. पहिली अंमलबजावणी माझ्या शेडमध्ये होईल. इतर कारखानदारांनीही आजच शब्द द्यावा, ही विनंती.