घरची बोली आणि कॉलेजचे लेखन



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दखनी बोलली जाते. पाल्याच्या कॉलेजच्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघा दिसल्या की आपण म्हणतो, ‘घरची बोली आड आली, ती आता सोडा.’ हे निदान मला पटत नाही.

एखादा विद्यार्थी ‘मी पुस्तक वाचलो’ असे लिहितो. हा निष्काळजीपणा नव्हे. दखनीत कर्त्याला ‘ने’ सहसा लागत नाही व क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. तोच नियम त्याने मराठीला लावलेला असतो.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० साली शहरातील सर्व शालान्त उत्तीर्णांना प्रवेश खुला केला. तेथील प्राध्यापिका मिना शॉनेसी यांनी नवागतांचे सुमारे ४,००० निबंध अभ्यासले आणि १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, अशा चुकांमागे विद्यार्थ्याचा स्वतःचा तर्क असतो. तो तर्क उमगला म्हणजे चूक सुधारता येते.

शिवाय दखनीच्या ‘मैंच’मधला ‘च’ मराठीचाच आहे. तेव्हा या बोलीची लाज कशाला?

मित्रांनो, उत्तर आधी घरी आपल्या बोलीत कोणाला तरी समजावून सांगा. मग लिहा, मोठ्याने वाचा आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक शोधा.

पालकहो, लिहिता येत नसले तरी आपणांस ऐकता येते. रोज विचारा, ‘आज क्या लिख्या, बोल.’ ज्याला आपला विषय अम्मीला समजावता आला, त्याला तो परीक्षकापुढे मांडणे जड जाणार नाही.