फ्लॉरेन्सला जाणाऱ्या भगिनींसाठी



आपल्यापैकी बऱ्याच जणी हल्ली मुलांकडे परदेशी जातात, कोणी प्रवासी कंपनीबरोबर युरोप पाहून येतात. त्या सहलीत इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. तेवढ्यात काय पाहावे व काय खुशाल सोडावे, हे सांगण्यासाठी मी उभी आहे. स्टेशनावरच्या पाट्यांवर मात्र ‘फिरेंझे’ असे नाव असते. दुसऱ्याच गावी आलो असे समजून घाबरू नये.

प्रथम पायांची काळजी. जुन्या गावात बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे, म्हणून बस दूर सोडते आणि पुढे दगडी फरशीवरून चालावे लागते. टाचेच्या चपला घरीच ठेवाव्यात. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेल्या कॅथीड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी तो खालूनच पाहावा. खरे म्हणजे त्याचा डौल खालूनच कळतो. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले लागतात. आपल्या साडीची अडचण नाही, बरोबरच्या मुलींसाठी मात्र एखादी ओढणी पिशवीत असावी.

उफीझी व अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. तिकिटे आधीच काढून ठेवावीत, आणि दोहोंपैकी एकच निवडावे. दोन्ही पाहायला गेले की एकही नीट पाहून होत नाही. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ मध्ये घडविलेला पाच मीटरांहून उंच डेव्हिड १८७३ साली चौकातून अकादेमियात हलविला. तिकीट न मिळाल्यास हळहळू नये. पूर्वीच्या जागी त्याची प्रतिकृती उभी आहे, ती फुकट पाहता येते. त्याच सिन्योरिया चौकात पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे, तेथे बाटली भरून घ्यावी.

तिकडचा पाव अळणी असतो. भटारखान्यात मीठ विसरले असे नव्हे, तेथली रीतच ती. शाकाहारी भगिनींनी ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे शब्द पाठ करावेत, आणि सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केले आहे का, हेही विचारावे. गाडीवर मिळणारे ‘लाम्प्रेदोत्तो’ म्हणजे गाईचे जठर असते, तेव्हा वासाला भुलू नये. कॉफी उभ्याने प्यायल्यास स्वस्त पडते, बसल्यावर दर वाढतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, ती फसवणूक नव्हे. गर्दीत पर्स पदराआड धरावी.

आता या शहरातल्या आपल्या माणसाविषयी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड पाहून परतताना येथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघे वीस. त्या प्रवासातली त्यांची रोजनिशी १८७२ साली प्रसिद्ध झाली. दहनाची रूढी नसलेल्या या गावात, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, हिंदू रीतीने त्यांचे दहन झाले. १८७४ मध्ये तेथे छत्री बांधून तीत त्यांचा अर्धपुतळा बसविला. लोक त्या जागेला ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाची, म्हणतात, आणि जवळच्या पुलालाही तेच नाव आहे. एवढे असून आपल्या सहलीच्या बस तिकडे सहसा फिरकत नाहीत. दुकानांत घालवायच्या दोन तासांपैकी एक तास या कामी मागून घ्यावा, आणि चौघीजणींनी मिळून मागितल्यास व्यवस्थापकाला नाही म्हणणे जड जाते.

जागा काश्शिने नावाच्या लांबलचक बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. चालत जाण्याच्या भरीस पडू नये. टॅक्सीवाल्याला ‘मोनुमेन्तो आल्लिंदियानो’ असे कागदावर लिहून दाखवावे आणि त्याला तेथेच थांबवून ठेवावे. उजेडी, दोघीतिघींनी मिळून जावे. फुले वाहायची असल्यास गावातूनच विकत घेऊन जावीत, बागेतली तोडू नयेत.