युरिक ॲसिड : शरीराचा जमाखर्च आणि एक चुकीचा कागद

(वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा तपशील आणि निधीचा विनियोग सादर करतो. तो सर्व तपशील अहवालाच्या पुढील पानांत आहेच. यंदा मात्र एका कागदाविषयी बोलावयाचे आहे. तो कागद आपल्याच रुग्णालयाने छापला होता, वर्षानुवर्षे वाटला होता, आणि तो चुकीचा होता.

गतवर्षीच्या उन्हाळ्यात औशाकडील एक शेतकरी गृहस्थ बाह्यरुग्ण विभागात आले. वय पन्नाशीच्या आसपास. पायाचा अंगठा सुजून लालबुंद झालेला. वाऱ्याने पांघरूण हलले तरी कळ मस्तकात जावी अशी अवस्था. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्यांनी पिशवीतून हळदीचे डाग पडलेला, घडीवर फाटत आलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. ‘युरिक ॲसिडच्या रुग्णांसाठी पथ्य’ असा मथळा आणि खाली आपल्या रुग्णालयाचे नाव. सर्व डाळी वर्ज्य, उसळी वर्ज्य, पालक वर्ज्य, टोमॅटो वर्ज्य. त्या माउलीने विचारले, “साहेब, दोन वर्सं झाली, घरात वरण शिजलं नाही. ह्यांच्यापायी लेकरायलाबी नाही. मंग दुखणं परत कामून आलं?”

हे गृहस्थ स्वतः तूर पिकवितात. त्यांची तूर लातूरच्या आडतीवर येते, मिलमध्ये भरडली जाते आणि डाळ होऊन देशभर जाते. आणि त्यांच्या घरी दोन वर्षे वरण नव्हते.

आम्ही वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. आयुष्य खातेवह्यांत गेले. त्यामुळे आपल्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून हा विषय समजून घेताना तो आम्हांस जमाखर्चाच्या भाषेतच उमगला, आणि त्याच भाषेत तो येथे मांडीत आहोत. मजकूर त्यांच्या नजरेखालून गेलेला आहे.

आपल्या पेशींत आणि अन्नात प्युरीन नावाचे घटक असतात. त्यांचे विघटन झाले की शेवटी युरिक ॲसिड उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात त्याचेही पुढे विघटन करणारे एक विकर असते. मानवाने ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले. ही झाली जमेची बाजू. या जमेपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग शरीर स्वतःच निर्माण करते आणि जेमतेम एक तृतीयांश अन्नातून येतो. खर्चाच्या बाजूस, सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांवाटे आणि उरलेले आतड्यांवाटे बाहेर पडते. ज्यांचे युरिक ॲसिड वाढते त्यांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत दोष जमेत नसून खर्चात असतो. मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकीत नाहीत. अशा खात्यात केवळ ताटातील जमेवर कात्री चालवून शिल्लक किती कमी होणार? कडक पथ्य पाळूनही रक्तातील प्रमाण साधारणतः एक मिलिग्रॅमच्या आसपासच उतरते, असे वैद्यकाचे म्हणणे आहे.

रक्ताच्या दर डेसिलिटरमागे हे प्रमाण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पुरते विरघळून राहू शकत नाही. मग सुईसारखे स्फटिक तयार होऊ लागतात आणि शरीराच्या थंड टोकांशी, म्हणजे बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात, साचतात. रात्री अकस्मात ठणका उठतो तो यामुळे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २९ वा अध्याय वातरक्ताचा आहे. वातरक्त म्हणजे सर्वस्वी आजचा हा आजार असे म्हणता येणार नाही; तथापि त्याचे एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे संपन्नांचा वात, असे दिलेले आहे. आज मात्र आपल्या बाह्यरुग्ण विभागातील रांगेत संपन्नांबरोबर ऊसतोड मजूरही उभे असतात.

आता डाळीविषयी. सन २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांना या संधिविकाराचा धोका अधिक आढळला. डाळी, वाटाणा, पालक, फुलकोबी यांसारख्या प्युरीनयुक्त वनस्पतिजन्य पदार्थांनी धोका वाढलेला आढळला नाही. दुग्धजन्य पदार्थ, विशेषतः कमी स्निग्धांशाचे, घेणाऱ्यांत तर तो कमी होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर कलेजी, गुर्दा, सुकट यांना आवर घालावा; वरण आणि घुसळून लोणी काढलेले ताक यांना नव्हे. पालकावरचा राग मुतखड्यातून आलेला दिसतो. पण तो ऑक्झलेटच्या खड्यांचा प्रश्न आहे, युरिक ॲसिडचा नव्हे. टोमॅटोने आपले दुखणे उठते असा कोणाचा स्वतःचा अनुभव असेल तर त्याने तेवढा तो टाळावा. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात डाळीचे पात्र दूर सारणारे यात्रेकरू आम्ही स्वतः पाहिले आहेत. नंतर त्यांपैकीच एकाने बाहेर येऊन शीतपेयाची बाटली उघडली, हेही पाहिले.

खरा आरोपी त्या बाटलीत असतो. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि यकृतात फ्रुक्टोजचे चयापचय होताना युरिक ॲसिड तयार होते. म्हणजे प्युरीनचा कणही नसलेला पदार्थ जमेची बाजू फुगवितो. गोड शीतपेये आणि हा संधिविकार यांचा संबंध सन २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील अभ्यासाने दाखवून दिला. आपला प्रदेश उसाचा. रसवंतीवर बसून एखादा पेला रस घेण्यास कोणी मना करणार नाही, आम्हीही घेतो. परंतु तहान भागविण्यासाठी दिवसभर रस, शीतपेय किंवा गोड चहा हे पाण्याचे काम करीत नाहीत. साखरेऐवजी गूळ घेतला म्हणजे सुटलो, हाही गैरसमज आहे. मद्याविषयी अधिक सांगावयास नको. त्यात बिअर सर्वांत वाईट, कारण तिच्यात प्युरीनही असते आणि मद्यार्क खर्चाची वाटही अडवितो.

आणि पाणी. सन २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तो दिवस येथील कोण विसरेल? मांजरा धरण कोरडे पडले होते. घागरींच्या रांगांत माणसे उभी होती, आणि त्या रांगांत प्रत्येकजण नकळत कमी पाणी पिण्याची सवय लावून घेत होता. पुढे पाऊस झाला, धरण भरले. पुष्कळ घरांतील सवय मात्र तशीच राहिली. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शरीरातील पाणी घामावाटे जाते, लघवी थोडी आणि दाट होते. दाट आणि आम्लधर्मी लघवीत युरिक ॲसिडचे खडे बनतात. कुदळ-कोयत्याचे काम करणाऱ्यांना आणि विशेषतः स्त्रियांना, ज्या शेतात आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट सांगणे सोपे, पाळणे अवघड. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे आणि डाळीचेही प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

उपवासाबद्दलही एक शब्द. माहूरला, तुळजापूरला नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणारे भाविक आपल्याकडे घरोघरी आहेत. पोट पूर्ण रिकामे राहिले की रक्तात कीटोन वाढतात आणि ते मूत्रपिंडाच्या दारात युरिक ॲसिडची वाट अडवितात. त्यामुळे ज्यांस हा विकार आहे त्यांचा अंगठा दसऱ्याच्या सुमारास ठणकू लागला तर नवल नाही. वजन कमी करणे हितकारकच, पण ते हळूहळू.

औशाच्या त्या गृहस्थांकडे पुन्हा वळू. शेतात ते दिवसाला दोन बाटल्या शीतपेय घेत आणि पाणी अगदी थोडे. ठणका उठला की दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणीत, दोन वर्षे, कोणालाही न विचारता. कागदावर यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. ज्या मूत्रपिंडांनी खर्चाची बाजू सांभाळावयाची, तीच दुबळी झाली होती. आपल्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, सूज ओसरल्यावर ॲलोप्युरिनॉल अल्प मात्रेत सुरू केले आणि मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवून मात्रा सावकाश वाढविली. हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आले. सन १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत हे दोघे होते. औषध महाग नाही. अडचण वेगळीच आहे : ठणका थांबला की रुग्ण ते सोडतो. ते बहुधा दीर्घकाळ घ्यावयाचे असते, आणि वारंवार झटके येणाऱ्यांत रक्तातील प्रमाण ६ च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते.

येथे विश्वस्तांसमोर एक निर्णय स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. मोफत शिबिरांत सरसकट सर्वांचे युरिक ॲसिड तपासावे, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली होती. सद्भावनेनेच केली होती. आम्ही ती स्वीकारली नाही. कोणतेही दुखणे नसलेल्या माणसाच्या हाती ७.४ असा आकडा पडतो, त्याखाली लाल रेघ असते, आणि त्या क्षणापासून तो रुग्ण होतो. केवळ आकडा वाढला म्हणून, लक्षणे नसताना, औषध सुरू करू नये असेच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या सन २०२० च्या मार्गदर्शिकेत सुचविलेले आहे. ज्यांचा सांधा दुखतो, ज्यांस मुतखडा होतो, त्यांची तपासणी अवश्य होईल. बाकीच्यांसाठी ठेवलेला निधी रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीकडे वळविला आहे. पॅकेजमधील तपासण्यांची संख्या वाढली की अहवाल भरगच्च दिसतो, हे आम्हीही जाणतो.

जुने पत्रक आता रद्द केले आहे. नवे पत्रक मोठ्या अक्षरांत आहे. त्यात वरण, भाकरी, ताक यांना जागा आहे आणि सर्वांत वर पाणी व वेदनाशामक गोळ्यांबाबतची सूचना आहे. जुना कागद किती घरांच्या भिंतींवर चिकटलेला असेल याची मोजदाद आमच्यापाशी नाही. आपल्या घरी किंवा शेजारी तो असल्यास कृपया आणून द्यावा. चौकशी खिडकीवर त्याच्या बदल्यात नवा मिळेल, आणि आहारतज्ज्ञांची भेट हवी असल्यास त्याच वेळी नाव नोंदविता येईल. औशाच्या त्या माउलीने आपला कागद परत केला आहे. तो हळदीच्या डागांसह आम्ही कार्यालयात जपून ठेवला आहे.