जहाजावरच्या जेवणाचा पोशाख

कुनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’ हे प्रवासी जहाज २००४ पासून साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा अटलांटिक फेऱ्या करते. तिथे संध्याकाळी सहानंतर मुख्य भोजनगृहात नीटनेटका पोशाख लागतो. अर्धी चड्डी चालत नाही. सफरीतल्या काही रात्री ‘गाला’ म्हणून ठरलेल्या असतात. तेव्हा पुरुष डिनर जॅकेट आणि बो टाय किंवा गडद सूट घालतात, स्त्रिया बहुधा लांब गाऊन. औपचारिक राष्ट्रीय पोशाखालाही मान्यता आहे आणि भारतीयांसाठी हीच सर्वांत सुंदर वाट. बंदगळा घालावा, पैठणी नेसावी. खास गाऊन शिवून घेण्याची गरजच नाही. नटण्याचा कंटाळा असेल, तर किंग्ज कोर्ट हे बुफे उपाहारगृह खुले असते. बॅग भरण्यापूर्वी गाला रात्री किती, हे जरूर विचारून घ्यावे.