गाड्यावरचं खाणं



कामासाठी सिंगापूरला जाते म्हटलं, की सेलूत पहिला प्रश्न येतो, "तिथं खातेस काय?" मी हॉकर सेंटरमध्ये जेवते. एका छपराखाली चिनी, मलय, तमिळ गाळ्यांच्या रांगा. शाकाहारी माणसाला डोसा-इडली सहज मिळते. चार-पाच डॉलरात पोट भरतं. रुपयांत हिशोब केला तर घास उतरणार नाही, पण तिथल्या मानाने हे स्वस्तच!

हे विक्रेते पूर्वी रस्त्यावरच गाडे लावत. 1970-80 च्या दशकांत सरकारने त्यांना नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या जागा दिल्या. 2016 मध्ये अशा गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला, तर 2020 मध्ये ही हॉकर संस्कृती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

आपल्याकडेही 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. भजी-भेळवाल्यांच्या हाताला चव आहेच, कमी आहे ती पाण्याची. गाड्यांजवळ नळ आणि हात धुण्याची सोय व्हावी, यासाठी आपल्या बॅचने नगर परिषदेकडे अर्ज करावा आणि वर्गणीही काढावी. पहिली वर्गणी माझी.