पाखरे देशाची, राखण मात्र आपली
(जालना जिल्हा मेळाव्यातील भाषण)



तितर-लाव्यांमागे बंदूक घेऊन फिरण्याची हौस साहेबांची आणि जहागीरदारांची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही परवान्याच्या शिकारीला वाट ठेवली होती. ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. आज पोपट, साळुंकी, कोतवाल, घुबड अशा ज्यांची शिकार कुणी हौसेने केली नाही, त्या पाखरांनाही संरक्षण आहे. त्यांची अंडी फोडणे, घरटी विस्कटणे कायद्याच्या भाषेत शिकारच. कावळा उपद्रवी म्हणून वेगळ्या यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

यात वाईट काय? काहीच नाही. हरभऱ्यात हेक्टरी 50 पक्षीथांबे लावा, असे आम्ही कृषी पदवीधर सांगत आलो. कोतवाल, साळुंकी त्यावर बसून घाटेअळी टिपतात. घुबड रात्री उंदीर मारते. फुकटात राबणारे हे गडी आहेत. म्हणून दाण्याला विष लावून टाकू नका. त्याने पोपटाबरोबर हे गडीही मरतात. आणि मोर मेला तर तो पहिल्या अनुसूचीतला. किमान तीन वर्षे कैद, जास्तीत जास्त सात. उभे घर बसेल.

पण हिशेबाची दुसरी बाजू कोण मांडणार? ज्वारी चिकात आली की मंठा-परतूरकडे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत माणूस माळ्यावर. घरची म्हातारी, शाळेतले पोर राखणीला. त्यांची मजुरी कुणी धरतो का? पेरलेले दाणे मोर उकरतो, सूर्यफुलाची फुले पोपट रिकामी करतो. 2015 च्या शासन निर्णयात नुकसानभरपाईसाठी रानडुक्कर, हरीण, रोही, माकड होते, मोर-पोपट नव्हते.

कायद्याच्या कलम 11 मध्ये दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकाला घातक ठरला, तर वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मोराच्या बाबतीत पिकाचे नुकसान हे कारणच चालत नाही. 1963 साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. राष्ट्राचा पक्षी आहे, तर त्याचे खाणे राष्ट्राने द्यावे. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणगीतून का?

आमचे मागणे सरळ आहे. पाखरांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा व्हावा आणि भरपाई मिळावी. कलम 11 खालच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. राखणीची मजुरी उत्पादनखर्चात धरावी.

तोवर हाकारे, डबे, चमकत्या फिती वापरा, विष नको. नुकसान झाले की त्याच दिवशी तलाठी आणि वनरक्षकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत तालुका बैठकीत आणा. तोंडी गाऱ्हाण्याला सरकार कान देत नाही. गावागावातून पोच घेतलेल्या अर्जांचा गठ्ठा घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊ, तेव्हा हिशेब त्यांना द्यावा लागेल.